रस्त्यात गाडी बंद पडते तेव्हा

(वाशीम जिल्ह्यातील महिला गटांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या वाहन-ओळख व दुरुस्ती शिबिराच्या सुरुवातीला केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज सकाळी नाव नोंदवताना तुमच्यापैकी एकीनं मला विचारलं, "ताई, दारूबंदीचं शिबिर झालं, कायद्याचं झालं, बचतगटाचं झालं. आता हे पाने-पक्कडीचं शिबिर कशाला? आपल्या कोणाकडं गाडी आहे?" प्रश्न रास्त आहे. इथं बसलेल्या ऐंशी बायांपैकी फार तर चौघींच्या घरी चारचाकी असेल. पण गाडीत बसत नाही अशी बाई इथं एकही नाही. कापूस वेचायला आपण टेम्पोत बसतो, लग्नाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला ट्रकमध्ये उभं राहून जातो. गाडी आपली नसते, पण जीव आपला असतो. या शिबिराचं कारण तेवढंच आहे. ते नीट कळावं म्हणून मी तुम्हाला एका रात्रीची गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत माझ्या चुका आहेत, त्याही सांगणार आहे.

१९९९ सालचा फेब्रुवारी महिना होता. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघून वाशीम वेगळा जिल्हा झाला होता. त्याआधी मोठ्या साहेबाला भेटायचं तर अकोला गाठावं लागे. आता वाशीम जवळ आलं होतं, म्हणून बायांना हुरूप होता. मेडशीच्या अलीकडच्या दोन गावांतल्या आणि एका तांड्यावरच्या बायांची रोजगार हमीच्या कामाची मजुरी थकली होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. मागेल त्याला काम, असं तो म्हणतो. काम केलं, खडी फोडली, पण पैसे नाहीत. तेव्हा मोर्चा काढायचं ठरलं.

वाशीमला जायचं कसं, हा पहिला प्रश्न. प्रासंगिक कराराची एसटी घ्यायची तर पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि आमच्याकडं वर्गणीचे सातशे रुपये होते. एका ठेकेदाराकडं जुना मिलिटरीचा ट्रक होता. तो म्हणाला, डिझेल तुम्ही टाका, ड्रायव्हर देतो. आम्ही खूष झालो. त्यात चौतीस बाया आणि पाच लेकरं बसली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. हेही कबूल केलं पाहिजे, की बाया मागं उभ्या आणि कार्यकर्ती पुढं सीटवर.

तो ट्रक शक्तिमान. तरुण मुलींना शक्तिमान म्हटलं की टीव्हीवरचा आठवेल. ती मालिका १९९७ मध्ये सुरू झाली होती आणि आमच्यातली लेकरं ट्रकचं नाव ऐकून गोल गोल फिरत होती. पण ट्रक त्याच्या कितीतरी आधीचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला सरकारी कारखान्यात १९५९ पासून हे ट्रक बनू लागले. चारही बाजूंच्या चाकांना जोर देणारे, चिखलात आणि डोंगरात चालणारे. लष्करातली त्यांची वर्षं भरली की त्यांचा लिलाव होतो आणि ते ठेकेदारांकडं येतात. कुणी लाकूड वाहतो, कुणी दगड, कुणी मागं लोखंडी खांब बसवून बंद पडलेल्या गाड्या ओढायची क्रेन करतो. हे नवीन नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावरही लष्करानं टाकलेल्या गाड्या आपल्या देशात अशाच विकल्या गेल्या आणि त्यांवर मालट्रक आणि मोटारी चालल्या. सैन्याला नको झालेली गाडी ठेकेदाराला स्वस्तात मिळते आणि तिथं नको झाली की ती मजुरांच्या वाट्याला येते. मोर्चाला जाणाऱ्या बायांचा नंबर त्याच्याही नंतर लागतो.

मोर्चा चांगला झाला. निवेदन दिलं, घोषणा दिल्या, तारीख मिळाली. पाच वाजता परत निघालो. बाया गाणी म्हणत होत्या. मालेगाव सोडून मेडशीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळला होता. दोन्ही बाजूंनी जंगल, पळस फुललेला. एका चढावर गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. जोर कमी झाला, पुन्हा आला, पुन्हा गेला. चढ कसाबसा संपला आणि वर सपाटीला आल्यावर इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरनं चावी फिरवली. स्टार्टर फिरायचा, इंजिन धरत नव्हतं.

मोबाइल नव्हते. जवळ वस्ती नव्हती. आमच्याकडं एक बॅटरी होती, तीही पिवळी पडलेली.

आता इथून पुढं जे झालं त्यातली प्रत्येक गोष्ट लक्ष देऊन ऐका, कारण उद्या तुमच्यावर ती वेळ येईल.

पहिल्या दहा मिनिटांत आम्ही जे केलं ते सगळं चूक होतं. बाया भराभर खाली उतरल्या. दिवसभर उभ्या राहून पाय दुखत होते, म्हणून ट्रकच्या मागंच रस्त्यावर बसल्या. डांबर दिवसभर तापलेलं, ऊब लागत होती. दोघी तर लेकरांना घेऊन आडव्या झाल्या. मी ड्रायव्हरशी बोलत उभी होते. माझ्या हे ध्यानातही आलं नाही. आमच्यातली एक म्हातारी काकू होती, तिचा मुलगा ट्रकवर क्लीनर राहिलेला. ती ओरडली, "उठा वं माय! गाडीच्या मांगं झोपता का? येनाऱ्याले ट्रक दिसल, तुमी दिसनार नाई!"

तिनं सगळ्यांना उठवलं आणि रस्त्याच्या कडेला नालीपलीकडं नेलं. दोन पोरींना पाठवून पळसाच्या फांद्या तोडून आणवल्या. ट्रकच्या मागं साठ-सत्तर पावलांवर आणि पुढंही तितक्याच अंतरावर फांद्या टाकल्या. एकीचं लाल लुगडं होतं गाठोड्यात, ते मागच्या फळीला बांधलं. चाकांना दगडांची उटी लावली. हे सगळं होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच मागून एक भरलेला मालट्रक आला. दिवा एकच. फांद्यांवर चाक गेलं तसा त्यानं करकचून ब्रेक मारला आणि आमच्या ट्रकला अगदी खेटून बाजूनं निघून गेला. ज्या जागी त्या दोघी लेकरं घेऊन आडव्या झाल्या होत्या, तिथून चाक गेलं. कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

थांबलेल्या गाडीवर मागून आदळून माणसं मरतात, हे आजही थांबलेलं नाही. आता रस्ते रुंद झाले, पण त्यामुळं वेग वाढला. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगाव भागातून जातो. त्याच महामार्गावर वैजापूरजवळ १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सैलानीहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस पुढच्या ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. देवदर्शन करून घरी निघालेली आपल्यासारखीच माणसं होती ती.

तर पुढं. ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. तो म्हणाला, "मी मालेगावले जातो, मिळल त्या गाडीनं. सकाळी मिस्त्री घिऊन येतो. तुमी इथंच बसा." म्हणजे चौतीस बाया आणि पाच लेकरं रात्रभर जंगलात. एवढ्यात एक जीप थांबली. आत चार माणसं, तोंडाला वास. म्हणाले, "दोघी-तिघींले सोडून देतो मेडशीपावतर. या पोरींले बसवा." बोट नेमकं तरण्या पोरींकडं. आमच्या बायांनी गोल करून पोरींना मध्ये घेतलं. काकू म्हणाली, "जाऊ तं साऱ्या जाऊ. नाई तं कोनीच नाई." जीप थोडा वेळ तिथंच घुटमळली. मग आम्ही मोर्चातल्या घोषणा सुरू केल्या, दिवसभर दिल्या होत्या त्याच. जीप निघून गेली. मी जाताना तिचा नंबर कोळशानं हातावर लिहून घेतला. रात्र संपेपर्यंत आम्ही तीन वेळा डोकी मोजली. लघवीला जायचं तर चौघी मिळून आणि सांगून जायचं, असं ठरवलं.

आणि आता मुख्य गोष्ट. तांड्यावरची एक बंजारा बाई आमच्यात होती. आम्ही सगळ्या तिला याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. ती इतका वेळ बोनेटजवळ उभी राहून स्टार्टरचा आवाज ऐकत होती. ड्रायव्हर निघाला तशी ती म्हणाली, "थांब नं भाऊ. यानं एअर घेतली. आमचं इंजन बी असंच करते."

ड्रायव्हर हसला. म्हणाला, "याडी, हे मिलिटरीचं इंजन हाय. तुह्या वावरातला पंप नाई."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. मी तोंडानं बोलले नाही, पण मनात म्हणाले, याडीला काय कळतं. स्त्रीच्या ज्ञानाला मान मिळाला पाहिजे, असं मी त्याच दिवशी सकाळी माइकवरून बोलले होते.

याडी म्हणाली, "इंजन लहान असो का मोठं, डिझल पेते नं?"

आता हे समजून घ्या, कारण उद्या याच गोष्टीचा सराव आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथं हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की पेट घेतो. फवारा जोरात मारायचा तर नळीत नुसतं डिझेल पाहिजे. नळीत हवा शिरली की पंप त्या हवेलाच दाबत बसतो. डिझेल दाबलं की पुढं जातं, हवा दाबली की जागच्या जागी आकसते. मग फवारा होत नाही, इंजिन धरत नाही. स्टार्टर कितीही मारा, फक्त बॅटरी उतरते. वावरातल्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनात एक सिलिंडर असेल, ट्रकमध्ये सहा असतील. पण नियम तोच.

याडीचा नवरा कामासाठी बाहेरगावी असायचा. वावरातलं इंजिन आठ वर्षं ती चालवत होती. रात्री-अपरात्री ओलित करताना इंजिन बंद पडलं तर मिस्त्री कोण बोलावणार? ती बघून बघून शिकली होती. पण तिला कोणी मिस्त्री म्हणत नव्हतं. ती म्हणे, "मी इंजनापाशी बसते." तेवढंच.

ड्रायव्हरकडं दुसरा उपाय नव्हता. त्यानं पान्यांची पिशवी काढली. याडीनं सांगितलं आणि त्यानं केलं, मग अर्ध्यावर तिनंच पाना हातात घेतला. आधी तिनं टाकीत काडी घालून डिझेल किती आहे ते पाहिलं. अगदी तळाला होतं. मग फिल्टर उघडला. आत काळा गाळ आणि खाली पाणी. याचं कारण आम्हीच. पैसे वाचवायला आम्ही सकाळी पंपावर न जाता एका दुकानातून ड्रममधलं सुटं डिझेल घेतलं होतं. चाळीस रुपये वाचवले आणि जंगलात येऊन बसलो.

ट्रकमध्ये पाच लिटरचा एक डबा होता, त्यात थोडं बरं डिझेल होतं. याडीनं पातळाच्या पदराचा तुकडा फाडून दुमडला आणि त्यातून ते गाळून घेतलं. फिल्टर त्यात धुतला, भांडं पुसलं, परत बसवलं. उरलेलं गाळलेलं डिझेल टाकीत ओतलं. मग फिल्टरवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लावला. पहिल्यांदा नुसता फेस आला. फसफस, फसफस. बॅटरी धरायला एक पोरगी होती. याडी म्हणाली, "बुडबुडे सरू दे." बुडबुडे संपून सलग धार आली तसा तिनं पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळला. मग इंजिनावर जाणाऱ्या बारीक नळ्यांचे नट थोडे सैल केले, ड्रायव्हरला स्टार्टर मारायला सांगितला, तिथूनही हवा जाऊन डिझेल ठिबकू लागलं तसे आवळले. स्टार्टर सलग मारू दिला नाही. मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. बॅटरी मेली असती तर सगळंच संपलं असतं. चौथ्या वेळेला इंजिन दोनदा खोकलं. पाचव्या वेळेला धरलं.

बायांनी जो गलका केला तो मोर्चात केला नव्हता.

निघण्याआधी काकूनं पुन्हा सगळ्यांना कामाला लावलं. फांद्या उचला, दगड उचला. एक पोरगी म्हणाली, राहू द्या, उशीर होते. काकू म्हणाली, "मांगून कोनाचं लेकरू फटफटीवर येईल, त्याच्या जिवावर उटी ठिऊन जातं का?" आजही ट्रकवाले दगड रस्त्यात तसेच टाकून जातात आणि रात्री मोटरसायकलवाले त्यावर आदळतात. तेव्हा हे विसरू नका.

मध्यरात्री आम्ही घरी पोचलो.

आता माझी चूक. आठ दिवसांनी मी आमच्या संघटनेच्या पत्रकात मोर्चाचा वृत्तान्त लिहिला. त्यात एक ओळ होती : परतीच्या प्रवासात वाहन नादुरुस्त झाले, परंतु चालकाने प्रयत्नपूर्वक ते दुरुस्त केल्याने सर्व महिला सुखरूप परतल्या. हे मी लिहिलं. कोणा पुरुषानं नाही. मला खोटं लिहायचं नव्हतं. लिहिताना हातातून तसंच वाक्य आलं, कारण गाडी दुरुस्त करणारा म्हटलं की डोळ्यासमोर पुरुषच येतो. याडीची सून सातवी शिकलेली. तिनं तांड्यावर ते पत्रक वाचून दाखवलं. पुढच्या बैठकीत याडीनं मला विचारलं, "बाई, डायवरचं लिहलं. माह्यं काऊन नाई?" ती रागावली नव्हती. तिला खरंच कारण हवं होतं. माझ्याकडं कारण नव्हतं.

एक ओळच तर आहे, त्यानं काय बिघडलं, असं वाटेल. बिघडलं ते पुढं कळलं. दोन वर्षांनी लोडशेडिंगच्या काळात गावच्या पाणीपुरवठ्यासाठी डिझेल इंजिन आलं. ते चालवायला माणूस ठेवायचा होता, थोडं मानधन होतं. याडीनं अर्ज केला. ग्रामसभेत विचारलं गेलं, बाईला यंत्र चालवता येतं याचा पुरावा काय? आम्ही उभं राहून त्या रात्रीचं सांगितलं. तेव्हा एकानं आमचंच पत्रक वाचून दाखवलं. त्यात ड्रायव्हरनं दुरुस्त केलं असं छापलेलं. काम एका वीस वर्षांच्या पोराला मिळालं. इंजिन बंद पडलं की तो पोरगा तांड्यावर याडीला बोलवायला यायचा. ती जायची, कारण गावात पाणी हवं. मानधन त्याला आणि काम हिला.

म्हणून मैत्रिणींनो, जी बाई जे करते ते तिच्या नावानं लिहा, तारखेसकट लिहा. ते कौतुकासाठी नाही. उद्या ते पुराव्याला लागतं.

दुसरी चूक याहून मोठी. ती मला तीन-चार वर्षांनी कळली. समजा, तो मालट्रक थांबला नसता किंवा आमचा ट्रक घाटात उलटला असता, तर या बायांच्या लेकरांना काय मिळालं असतं? मी वकील मैत्रिणीला विचारलं आणि घाम फुटला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. मालवाहू गाडीचा विमा माल आणि ठरावीक माणसं यांच्यासाठी असतो. १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला धरलं गेलं. पण मालट्रकमध्ये नुसत्या बसवून नेलेल्या माणसांना विमा कंपनी भरपाई द्यायला बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी यांच्या खटल्यात दिला. २००४ मध्ये बलजीत कौर यांच्या खटल्यातही हेच सांगितलं, की अशा वेळी जबाबदारी गाडीमालकाची. त्या एका प्रकरणात कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत असा आदेश झाला. म्हणजे आपली भरपाई मालकाच्या खिशावर, आणि जुना लिलावातला ट्रक चालवणाऱ्या मालकाचा खिसा केवढा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. थकलेली मजुरी मागायला मी त्यांना नेलं आणि जिवाचा हिशेब विचारलाच नाही.

यावर काही बाया म्हणतात, मग जायचं कसं? मुकादम टेम्पोच पाठवतो, नाही म्हटलं तर दुसऱ्या बाया नेतो. हे खरं आहे. एकटी बाई नाही म्हणू शकत नाही. पण त्या रात्री जीपवाल्यांना आपण जे सांगितलं तेच मुकादमाला सांगता येतं. गावातल्या सगळ्या टोळ्यांनी मिळून सांगितलं तर बसायची गाडी मागता येते. मोर्चा, मेळाव्याला तरी आपण मालट्रक वापरायचा नाही, हे आमच्या गटानं ठरवलं आणि पाळलं. माणसं कमी आली तरी चालतील. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तो हिशेब आता करता येतो. गावात एसटी येतच नसेल तर ती मागणं हाही आपलाच मुद्दा आहे.

आणि स्टिअरिंगचं काय? राज्यात एसटीवर बाई चालक दिसायला २०२३ साल उजाडलं. अर्चना अत्राम यांनी सासवडहून नीरेपर्यंत बस नेली. आपल्या शेजारच्या यवतमाळच्या आदिवासी मुलींचं चालक प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं होतं. नंदुरबारकडच्या योगिता रघुवंशी नवरा गेल्यावर मालट्रक चालवू लागल्या आणि देशभर फिरल्या. तेव्हा जमत नाही असं काही नाही. पूर्वी व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला आठवी पास लागत असे. ती अट २०१९ मध्ये काढून टाकली. याडीसारख्या शाळा न पाहिलेल्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे, पण गावागावात ती कोणी सांगितली नाही. हलक्या वाहनाचा परवाना घ्या. तो वर्षभर झाला की जड वाहनासाठी शिकाऊ परवाना मागता येतो. आणि साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता रस्त्यात गाडी बंद पडली तर करायच्या गोष्टी पुन्हा एकदा सांगते. मोठ्यानं म्हणा माझ्याबरोबर. गाडी जमेल तेवढी कडेला. सगळ्यांनी उतरायचं आणि रस्ता सोडून पलीकडं उभं राहायचं. गाडीच्या मागं, पुढं, खाली कोणी बसायचं नाही. चाकाला उटी. मागं-पुढं लांबवर खूण, त्रिकोण असेल तर त्रिकोण, नसेल तर फांद्या. डोकी मोजायची. अनोळखी गाडीत दोघी-तिघींनी जायचं नाही. गाड्यांचे नंबर लिहायचे. आता मोबाइल आहे : पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, बायांच्या मदतीला १८१, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आपला अकोला-वाशीम-हिंगोली रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. निघताना उटी आणि फांद्या उचलायच्या. आणि निघायच्या आधी, घरूनच, डिझेल कुठलं भरलं, विमा कशाचा आहे, गाडीत बसायची सोय किती माणसांची आहे, हे तीन प्रश्न विचारायचे. विचारायला लाजायचं नाही.

उद्या संध्याकाळी जाताना प्रत्येक गटानं एक कागद द्यायचा आहे. तुमच्या गावात कोणती बाई कोणतं यंत्र चालवते किंवा दुरुस्त करते, ते नावासह लिहायचं. पिठाची गिरणी, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, मोटर, काहीही. कोणी म्हणेल, मला काही येत नाही, मी नुसती त्यापाशी बसते. तिचं नाव सगळ्यात आधी लिहा.

मी आता थांबते. याडी तिकडं मागं भिंतीला टेकून बसली आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला पुढं बोलावत नाही. बाहेर लिंबाखाली पंपाचं इंजिन ठेवलं आहे. चहा घेऊन सगळ्या तिकडं या. फिल्टर कसा उघडायचा आणि एअर कशी काढायची ते ती दाखवणार आहे. पहिला पाना तिच्या हातात द्या.